दादांची सॅक, वहिनींची पाठ

३ मार्च

भाऊजी,

पुढचं वाक्य वाचण्याआधी कुठेतरी टेकून बसा. तुमचे दादा डोंगर चढणार आहेत.

हसू नका. मी हसून घेतलंय आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली आहेत. दुकानाचं शटर वर करायला जो माणूस शेजारच्या औषधवाल्याला हाक मारतो, लिफ्ट बंद पडली की घरी न येता खाली दुकानातच पेपर वाचत बसतो, तो म्हणतो, "बर्फातली खिंड ओलांडून येतो." जसं काही कोपऱ्यावरून दूध आणायचंय.

झालं असं, की तुमच्या मोहिमांचं माहितीपत्रक कुणीतरी गिऱ्हाईक काउंटरवर विसरून गेलं. त्यात तुमचा फोटो आहे. हातात दोराची कडी, हात असा लांब केलेला आणि मान मागे. मला वाटलं, फोटोसाठी ऐट केलीय. यांनी ते पत्रक उचललं, डोळ्याला भिंग लावून कितीतरी वेळ बघितलं. मी म्हटलं, "वाळलेत ना हो भाऊजी?" तर नुसतं "हं". दुसऱ्या दिवशी नाव नोंदवून मोकळे. एक मेची तुकडी. तुमच्याच तळावरून पुढे जाणारी.

पाच वर्षांत या माणसाने तुमचं नाव घेतलेलं नाही. तुम्ही दुकान सोडलंत त्या दिवशी तुम्ही म्हणालात, जन्मात पुन्हा चष्म्याचं तोंड बघणार नाही. हे म्हणाले, जन्मात पुन्हा डोंगराचं बघणार नाही. तेव्हापासून मी दोघांच्या मधली पोस्टमन. आणि आता हे स्वतःच निघाले. विचारलं तर म्हणतात, "हवा चांगली असते."

तर दोन कामं. एक, त्यांना घाबरवणारं काहीतरी लिहून पाठवा. थंडीने बोटं काळी पडतात वगैरे, जे खरं असेल ते. दोन, ते घाबरले नाहीत तर सॅकेत काय काय भरायचं ते सांगा. कारण जाणार ते असले तरी भरणार मीच आहे.

तुमची वहिनी

---

१४ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र सामानाच्या गाडीतून आलं आणि मी खरंच दोरांच्या ढिगावर बसलो. दादा? आमचा दादा? ज्याला बागेतल्या घसरगुंडीच्या पायऱ्या चढताना गरगरायचं तो?

घाबरवणारं लिहीत नाही. घाबरणारे लोक जास्त सामान आणतात. मी इथे सामानाचा माणूस. वर जाणाऱ्याची सॅक उघडून नको ते बाहेर काढायचं आणि त्याचे दोर, कड्या, हार्नेस तपासून द्यायचे, हे माझं काम. मागच्या मोसमात एका गृहस्थाच्या सॅकेतून इस्त्री निघाली. म्हणाले, "खिंडीत फोटो काढायचा आहे." एका जोडप्याने लग्नाचा फोटो आणला होता, फ्रेमसकट, काचेसकट. एक प्राध्यापक स्वतःची उशी घेऊन आले. ती काढून घेतली तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला, की मीच रात्री जाऊन ती परत दिली.

आता ऐका. कपडे थरांचे. अंगाला चिकटून थर्मल, ते घाम बाहेर काढतं. त्यावर लोकरीचं किंवा फ्लीसचं, ते ऊब धरतं. सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. पिसांचं फुगीर जॅकेट वेगळं, ते थांबल्यावर घालायचं, चालताना नाही. सुती काही नको, बनियनसुद्धा नको. सुती कपडा घामाने भिजला की तिथे वाळत नाही, अंगावरच गारठून बसतो. दादाला बनियन सोडायला लावणं हीच मोहिमेतली खरी चढाई आहे, ती तुमच्याकडे.

हातमोजे दोन जोड, आत पातळ आणि वर जाड. मोजे लोकरीचे, त्यातला एक जोड फक्त झोपायला राखून. टॉर्चचे सेल रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपायचं, नाहीतर थंडीने मरतात. काळा चष्मा कसला घ्यायचा ते त्याला मी काय सांगणार. आणि बूट आत्ता, आजच घ्या. घरात, बाजारात, सगळीकडे घालून ते पायाला ओळखीचे करा.

दादा का येतोय ते मला कळलंय. मला खाली न्यायला येतोय. गुडघ्यात वय शिरलं, दुकान एकट्याला झेपत नाही, आता बारक्याला बोलावू. त्याला सांगा, चढून येण्याची तसदी घेऊ नको, उत्तर मी पत्रानेच देतो. येणार नाही.

आणि वहिनी, अक्षर जरा मोठं काढत जा. कंदिलाच्या उजेडात तुमचं पत्र म्हणजे मुंग्यांची मिरवणूक.

तुमचा भाऊजी

---

२७ मार्च

भाऊजी,

घ्या. आता एवढं मोठं अक्षर काढलंय, की शाळेतल्या फळ्यावर लिहितेय असं वाटतं. कागद डबल लागतो, ते तुमच्या डोक्यावर.

बूट आणले. हे ते घालून दुकानात उभे राहतात. वर पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट आणि खाली युद्धावर जाणाऱ्याचे बूट. एक आजी डोळे तपासायला आल्या होत्या. तक्त्यावरची अक्षरं वाचायची सोडून म्हणाल्या, "रस्त्यात पाणी तुंबलंय का?"

बनियनवरून दोन दिवस अबोला होता. शेवटी मी सगळे बनियन धुवायला टाकले आणि धुतलेच नाहीत. तहावर सही झाली.

रोज संध्याकाळी सॅक भरून जिना चढायचा असं ठरलंय. हे आधी, मी मागून सोबतीला. दुसऱ्या मजल्यावर यांना कुणीतरी ओळखीचं भेटतं. सॅक खाली ठेवून गप्पा सुरू होतात. तेवढ्यात दूध उतू जाईल म्हणून मी निघते, आणि सॅक जिन्यात कशी ठेवायची म्हणून पाठीवर टाकून निघते. काल लक्षात आलं, की या आठवड्यात रोज ती मीच वर नेलीय. पहिल्या दिवशी धाप लागली होती, आता लागत नाही. सॅकेचा कमरेचा पट्टा आधी आवळायचा आणि मग खांद्याचे, हे मला आपोआप कळलं. यांना अजून कळलेलं नाही. सांगितलं तर म्हणतात, "माझी पद्धत वेगळी आहे."

आता खरी अडचण. सगळं बसतं. कपडे गुंडाळ्या करून, जड सामान पाठीलगत, स्लीपिंग बॅग तळाला. पण हे एक लाकडी पेटी घेऊन बसलेत. गुंडाळलेली, दोरीने बांधलेली, विटेसारखी जड. मधोमध तीच हवी. मी म्हटलं, "यात काय आहे?" "सामान." "कसलं?" "लागणारं." मी पिसांचं जॅकेट आत घातलं की हे ते बाहेर काढून पेटी आत घालतात. मी पेटी काढून जॅकेट घालते. असं चाललंय. तुम्ही सामानाचे अधिकारी. निकाल द्या.

तुम्हाला न्यायला येतात का, ते विचारलं. चष्मा पुसत बसले. तुमचं पत्र मात्र मागून घेतात, वाचत नाहीत, माहितीपत्रकातला फोटो काढून पुन्हा बघतात. मला तर बाई काही कळत नाही.

वहिनी

---

७ एप्रिल

वहिनी,

निकाल: पेटी नाही. ज्या वस्तूत काय आहे ते माणूस सांगू शकत नाही, ती वस्तू वर जात नाही. हा नियम माझा नाही, पण मला आवडतो. पेटी घेऊन तळावर आला तर मी स्वतः ती बाजूला काढून ठेवीन, भाऊ असला तरी.

त्यात काय आहे ते मी सांगतो. दुकानाचे कागद. भागीदारीचे. वर आणून माझ्यासमोर ठेवणार, सही कर म्हणणार. एवढा डोंगर चढून आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हा डाव. मी नाही म्हणेन. वहिनी, मी इथे बरा आहे. इथे माझ्या शब्दावर लोक दोराला लटकतात. दुकानात माझ्या शब्दावर कुणी फ्रेमचा रंगसुद्धा ठरवत नव्हतं.

तुमचं पत्र सगळ्यांना फार आवडलं. आमचा स्वयंपाकी ते मोठ्याने वाचतो, त्याला आवाजाची हौस आहे. दादाचा आवाज खर्जात काढतो, तुमचा वरच्या पट्टीत. बनियनच्या तहाला टाळ्या पडल्या. आजींचं वाक्य परत परत म्हणायला लावलं. आता गाडी आली की लोक आधी विचारतात, वहिनींचं पत्र आलं का.

गेल्या वेळी तुम्ही अक्षर मोठं काढलंत, पण शाई फिकी होती बहुतेक. म्हणूनच त्याला दिलं वाचायला.

जिना चालू ठेवा. म्हणजे, दादाला चालू ठेवायला सांगा.

भाऊजी

---

१६ एप्रिल

भाऊजी,

तुम्ही माझं पत्र सगळ्या तळाला वाचून दाखवलंत! माझ्या नवऱ्याचे बनियन आता ढगांच्या वर प्रसिद्ध आहेत! ते स्वयंपाकी आत्ता हेही वाचत असतीलच. नमस्कार हो. माझा आवाज एवढा वरच्या पट्टीत नाही.

आता बातमी. तुमचे दादा पडले.

डोंगरावरून नाही, जिन्यावरूनही नाही. स्लीपिंग बॅगमधून. रविवारी दुपारी हॉलमध्ये बॅग पसरून आत शिरले. "आत वळायची सवय हवी," म्हणाले. चेन हनुवटीपर्यंत ओढली आणि तेवढ्यात दारावरची बेल वाजली. मी गच्चीवर होते. चेन अडकली. कुरिअरवाला असेल, परत जाईल, म्हणून हे बॅगेसकट उठले आणि उड्या मारत दाराकडे निघाले. तीन उड्या बऱ्या पडल्या. चौथीला सतरंजी सरकली. मी खाली आले तर दाराबाहेर कुरिअरवाला "काका, ठीक आहात ना?" करतोय आणि आत एक निळी अळी कण्हतेय.

घोट्याला चीर गेलीय. प्लास्टर. दीड महिना जमिनीला पाय लावायचा नाही.

मला वाटलं, सुटले. डोंगर टळला. तर पलंगावर पडल्या पडल्या हे माझ्याकडे असे बघत राहिले, जसे गिऱ्हाइकाला कुठली फ्रेम शोभेल ते बघतात. आणि म्हणाले, "तू जा."

मी म्हटलं, "वेड लागलंय का?" ते म्हणाले, "सॅक तू भरतेस, तू उचलतेस, बूटही तुझ्याच मापाचे आहेत." बूट खरंच माझ्या मापाचे आहेत. त्यांना दोन मोजे घालून बसायचे, मला एक घालून. मी विचारलं, "पण कशाला जायचं?" तेव्हा त्यांनी सांगितलं.

स्वयंपाकी, इथून पुढचं मोठ्याने वाचू नका.

वाचलंत ना? मला माहीतच होतं. म्हणून भाऊजी, मी ते लिहीत नाही. समोर आल्यावर सांगेन. एवढंच लिहिते, की पेटीत कागद नाहीत. डॉक्टरांकडून माझी तपासणी झाली. छाती, रक्तदाब, सगळं ठणठणीत. हृदयाचे ठोके बघून डॉक्टर म्हणाले, "काय करता तुम्ही?" मी म्हटलं, "जिना." नाव बदलून घेतलंय. मी येतेय. पेटीही येतेय. तुमच्या नियमाचं काय करायचं ते तुम्ही बघा.

वहिनी

---

५ मे

अहो,

पोचले. डोकं पहिल्या दिवशी जड होतं, आता हलकं आहे. पाणी सारखं पितेय. स्वयंपाकी भेटले. मला बघून हिरमुसले, त्यांच्या मनात मी जाड होते.

आता सगळं नीट सांगते, आणि पत्र मीच बंद करून गाडीत देणार आहे.

भाऊजी सामानाच्या तंबूच्या दारात उभे होते. रापलेत, केस पांढरे झालेत. "वहिनी!" म्हणून वाकले आणि उठता उठता म्हणाले, "सॅक इकडे." माया नंतर, तपासणी आधी. माझी छत्री काढली. "वहिनी, वर वारा छत्रीबरोबर तुम्हालाही नेईल." दुसरा कंगवा काढला, पावडर काढली. एक सुती ओढणी मी पार तळाला लपवली होती, ती चिमटीत धरून बाहेर आली. मी बघत होते. डोळे सगळा वेळ माझ्याकडे आणि काम बोटांचं. एकदाही खाली वाकून बघितलं नाही. तुम्ही म्हणालात अगदी तसंच.

मग हात पेटीला लागला. पेटी लगेच ओळखली. पंधरा वर्षं तीच उचलून दुकानात ठेवत होते. चेहरा बदलला.

"ही दादाची नंबर तपासायची पेटी. इथे दुकान काढायचंय का त्याला?"

टेबलावर हार्नेस ठेवले होते, कमरेला बांधायचे ते पट्टे. त्यातला एक उचलला. आत बारीक अक्षरांची पट्टी शिवलेली होती. म्हटलं, "भाऊजी, हे काय लिहिलंय?"

त्यांनी धडाधड सांगितलं. कमाल वजन, बनावटीचं वर्ष. पाठ होतं. मग उसवून आणलेली दुसरी एक पट्टी मी त्यांच्या हातात दिली. "आणि ही?"

हात लांब केला, मान मागे घेतली. फोटोतल्यासारखी. "तेच. कमाल वजन आणि वर्ष."

"भाऊजी, ही माझ्या स्वेटरच्या गळ्याची पट्टी आहे. कोमट पाण्यात धुवा असं लिहिलंय."

मला हसू येत होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून ते आतच राहिलं. खाली दोरांच्या वेटोळ्यावर बसले. मग म्हणाले, "दादाला कसं कळलं?"

"फोटोवरून."

"एवढ्याशा फोटोवरून?"

मी तुमचे शब्द सांगितले. "तो कडी बघत नाहीये, चाचपतोय. चाळिशी लागलीय गाढवाला, आणि त्याच्या तपासणीवर लोक दोराला लटकतात." गाढव म्हटल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. खूप दिवसांनी ऐकलं म्हणाले.

मी म्हटलं, "अहो, पण साधी चाळिशी. कुठेही चष्मा मिळाला असता. का नाही घेतलात?"

"कुठून घेऊ? दुसऱ्याच्या दुकानात गेलो असतो तर दादाचा अपमान. दादाकडे आलो असतो तर माझा. म्हणून बोटांवर चालवलं. बोटांना कळतं वहिनी, बरंचसं."

"बरंचसं," मी म्हटलं.

मी पेटी उघडून तक्ता दोरावर टांगला. फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली, तीच तुमची, घोड्याच्या झापडासारखी. भिंगं बदलत गेले. तुम्ही शिकवलंत तसं घाई केली नाही. नंबर वेगळ्या कागदावर लिहिलाय. एका भिंगाला ते एकदम थांबले. आधी स्वतःचा तळवा बघितला. मग टेबलावरचा हार्नेस उचलला आणि त्याची शिवण बोटाने नाही, डोळ्याने बघत गेले. एका जागी थांबले. मलाही दाखवलं. कमरेच्या मुख्य पट्ट्याचा दोरा झिजून केसाएवढा राहिला होता. वरून रंग तसाच, हाताला गुळगुळीत. बोटाला कळलंच नसतं.

तसे तीन निघाले. तिन्ही त्यांनीच पास केलेले.

त्या संध्याकाळी जेवले नाहीत. सकाळी स्वतःहून तळप्रमुख बाईंकडे गेले, मला बरोबर घेऊन. बाई धिप्पाड आहेत, आवाज दरडीसारखा. तिन्ही हार्नेस पुढे ठेवून म्हणाले, "हे माझ्या हातून गेले होते. मला दिसत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. मला काढायचं तर काढा." बाई फाडफाड बोलल्या. त्यातलं एकही वाक्य इथे लिहीत नाही, पण एकही चुकीचं नव्हतं. आमची तुकडी एक दिवस थांबवली, सगळं सामान पुन्हा तपासायचा हुकूम सोडला. आणि हे सगळं झाल्यावर म्हणाल्या, "बघू ते काय आहे." फ्रेम स्वतःच्या नाकावर चढवली. समोर नकाशा पसरलेला होता. खाली बघितलं आणि एकदम, "अगं बाई! यात इतक्या वाटा आहेत होय?"

झालं. तेव्हापासून तंबूबाहेर रांग आहे. वाटाडे, खेचरवाला, स्वयंपाकी. भाऊजींना काढलेलं नाही. त्यांना आता फ्रेम लावूनच काम करायची सक्ती आहे. ती लावून हिंडतात आणि हसणाऱ्याला जास्त सामान काढायला लावतात.

सगळ्यांचे नंबर पाठवतेय. परवा आम्ही वर निघतो. पायाची काळजी घ्या. कुणी बेल वाजवली तर बसून राहा.

तुमची

---

१२ मे

पत्र मिळालं. पाय ठीक. घर ठीक. साखर संपली म्हणून औषधवाल्याकडून आणली, तर घरात होती.

चष्मे तयार झाले, येत्या तुकडीच्या म्होरक्याबरोबर पाठवतोय. काच वापरलेली नाही, पडली तर फुटायला नको. बारक्याच्या चष्म्याला मागून दोरी लावलीय. प्रमुख बाईंचा उजवा-डावा तू उलटा लिहिला असशील असं वाटतं, पुन्हा बघ. त्यांचं नाक रुंद आहे का तेही कळव. स्वयंपाक्याला चष्मा नकोय, तो तुझ्याकडून लक्ष मागतोय.

खालचं बारक्याला दे.

बारक्या, मी तुला खाली आणायला निघालो नव्हतो. दुकानात तुझी गरज नाही. तू होतास तेव्हाही फार नव्हती, मायनसवाल्याला प्लस देऊन पाठवला होतास तू. तुझं बरं चाललंय असं तुझ्या वहिनीच्या बोलण्यावरून कळत होतं, म्हणून मी कधी विचारलं नाही. तो फोटो बघितला तेव्हा झोप गेली. लिहिलं असतं तर तू फाडून टाकलं असतंस. मीही तेच केलं असतं. म्हणून म्हटलं, जावं. वर पोचून काय बोलणार होतो ते मला माहीत नव्हतं. त्या दृष्टीने पाय मोडला ते बरंच झालं. हे वाक्य तुझ्या वहिनीला दाखवू नको.

तू प्रमुखांकडे स्वतः गेलास हे वाचलं. पुन्हा वाचलं.

दादा

---

२२ मे

दादा,

चष्मा आला. आधी तुझं पत्र वाचलं, स्वतः वाचलं. स्वयंपाकी दोन दिवस बोलत नाहीये.

वहिनी खिंडीवर जाऊन आल्या. तुकडीतले दोघे तरणेताठे डोकं दुखून अर्ध्यातून परतले. वहिनी गेल्या आणि आल्या. वर पोचल्यावर सगळे रडले, मिठ्या मारल्या. वहिनींनी चारही बाजूंना बघितलं आणि म्हणाल्या म्हणे, "यांना हे दिसायला हवं होतं." वाटाड्याला वाटलं, परतलेल्या त्या दोघांबद्दल बोलताहेत.

आता एक गोष्ट सांगतो. वहिनींनी सांगू नका म्हणून मला बजावलंय, म्हणून लिहूनच पाठवतो.

उतरताना उन्हाने बर्फ मऊ झाला होता. दोर लावलेल्या उतारावर त्यांचा पाय निसटला. घसरल्या. वाटाड्या सांगतो, फार नाही, पण खाली काही नव्हतं. हार्नेसने धरलं. क्षणभर नुसत्या लटकत होत्या. मग त्यांनी पाय रोवला, टोपी सरळ केली आणि मागच्याला म्हणाल्या, "इथे जरा जपून हो, निसरडं आहे."

मी तळावर होतो. संध्याकाळी वाटाड्याने हे हसत हसत सांगितलं. मी हसलो नाही. निघायच्या दिवशी तो हार्नेस मी तुझी ती झापडाची फ्रेम नाकावर चढवून टाका टाका तपासला होता. अख्खी तुकडी हसत होती, वहिनी सगळ्यांत जास्त. दादा, मी बाजूला काढलेल्या तिनांतला एक त्यांच्याच मापाचा होता. पेटी आली नसती तर मी तोच बांधला असता, माझ्या हाताने, आणि पाठीवर थोपटून म्हटलं असतं, जा बिनधास्त.

हे त्यांना सांगितलेलं नाही. कुणालाच नाही. तुला सांगतोय.

काल रात्री ते तीन हार्नेस कापून चुलीत घातले. प्रमुख बाई शेजारी उभ्या होत्या. दुसरा कापताना त्यांनीच कात्री पुढे केली.

वहिनी गुरुवारी खाली निघतील. त्यांना एकटं पाठवायचं मनाला येत नाही, म्हणजे त्या मला सांभाळून आणतील, पण तरी. मीही येतोय. चार दिवस. राहायला नाही, भेटायला. काउंटरमागे उभं केलंस तर दुसऱ्या दिवशीची गाडी पकडीन.

तू स्टँडवर येऊ नको, पाय आहे. पण तू येणार हे मला माहीत आहे, कुबडी घेऊन येणार आणि वेळेच्या कितीतरी आधी येऊन बसणार. तर एक कर. मी उतरलो की लगेच माझ्या डोळ्यांत नंबर शोधू नको.

आधी नुसतं बघ.

बारक्या